ऑफिसात नवीन सिस्टीम आली की काय बघायचं आणि कसं बघायचं

एमए सोशिऑलॉजी, एमएसडब्ल्यू नाहीतर एमबीएची मुलं प्रोजेक्टला विषय शोधतात तेव्हा एक विषय दरवर्षी असतोच, अमुक बँकेवर किंवा तमुक कारखान्यावर संगणकीकरणाचा परिणाम. मग गुगल फॉर्म बनतो, ओळखीपाळखीतून पन्नासेक जणांकडून टिक करून घेतात, दोन पाय चार्ट येतात आणि शेवटी लिहिलेलं असतं की कामाचा वेग वाढला, पारदर्शकता आली, काही ज्येष्ठ कर्मचाऱ्यांना सुरुवातीला अडचणी आल्या. हे वाक्य कुठल्याही ऑफिसला आणि कुठल्याही मशीनला लावा, बसतंच, म्हणजे त्या ऑफिसबद्दल काहीच कळलेलं नसतं. वाईट वाटतं ते याचं की त्याच मुलांनी आठवडाभर नुसतं काउंटरच्या मागे स्टूल टाकून बघितलं असतं तर त्यांना किती काय सापडलं असतं.

म्हणून हे लिहितेय. अशा मुलांसाठी, आणि जे स्वतःच नोकरी करतात आणि ज्यांच्याकडे वरून एखादं नवं ॲप येऊन पडलंय त्यांच्यासाठीपण. एकच गोष्ट धरून ठेवा. मशीन आल्यावर कोण कोणाला विचारायला जातो, कोणाचं आता कोणाला न विचारता चालतं आणि कोणाचं काम कोणाला दिसायला लागतं, हे रोज थोडंथोडं सरकत असतं आणि ऑफिस बदलतं ते त्या सरकण्यातून. मशीनकडे कितीही टक लावून बघितलंत तरी ते दिसणार नाही, माणसांचं काम बघावं लागतं.

आधी प्रश्न नीट करा

"परिणाम काय झाला" हा प्रश्नच टाका बाहेर. परिणाम म्हटलं की आपण गृहीत धरतो की मशीन धक्का देतं आणि संस्था हलते. त्याऐवजी तीन साधे प्रश्न घ्या. पूर्वी हे काम करताना कोणाला विचारावं लागायचं, आता कोणाला लागतं? पूर्वी काय लपायचं, आता काय दिसतं आणि कोणाला? चूक झाली तर पूर्वी कोणाच्या नावावर जायची आणि आता कोणाच्या?

उदाहरण घेऊन बोलू, पतसंस्थेची पिग्मी. १९२८ साली उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजे पुढे जी सिंडिकेट बँक झाली तिने, टी. एम. ए. पै यांच्या पुढाकाराने ही योजना काढली, रोज घरोघर जाऊन दोन दोन आणे गोळा करायचे. आपल्याकडे ती सहकारी बँका आणि पतसंस्थांनी इतकी उचलली की कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत संध्याकाळी पिग्मी एजंट दिसतोच. आधी त्याच्याकडे कार्ड असायचं, रक्कम लिहायची, सही करायची. मग हातातलं छोटं मशीन आलं, सकाळी ब्रँचमध्ये त्यात खाती भरून घ्यायची, दिवसभर पावत्या फाडायच्या, परत येऊन मशीन लावायचं आणि रोकड भरायची. आता मोबाईल ॲप आणि खिशातला ब्लूटूथ प्रिंटर, एंट्री टाकली की खातेदाराला मेसेज आणि ब्रँचला त्याच क्षणी आकडा.

वरून बघितलं तर लिहिण्याचं काम सोपं झालं, बास. पण एजंट आणि दुकानदार यांच्यात काय चालायचं ते बघा. दुकानदार म्हणायचा, आज धंदा नाही झाला, उद्या दोन दिवसांचे देतो. एजंट कधी स्वतःच्या खिशातून भरायचा, कधी कार्डावर लिहून ठेवायचा, आणि यामुळेच तो दुकानदार दुसऱ्या संस्थेकडे जात नव्हता. म्हणजे संस्थेचा ग्राहक टिकायचा तो एजंटच्या या उधारीवर, जी संस्थेच्या कुठल्याच कागदावर नव्हती. आता प्रत्येक एंट्रीपुढे ती कधी टाकली ती वेळ नोंदलेली असते. मॅनेजरला दिसतं की चाळीस एंट्र्या दहा मिनिटांत पडल्यात, म्हणजे हा माणूस दुकानं फिरलेलाच नाही, नाहीतर फिरला वेगळ्या वेळी आणि टाकल्या नंतर. यातून गैरव्यवहार पकडला जातो, ठेवीदाराचं रक्षण होतं, हे खरंच आहे आणि पतसंस्थांचा इतिहास बघता ते फार गरजेचं आहे. पण त्याच झटक्यात ती सांभाळून घेण्याची जागापण गेली, आणि एजंट जो स्वतःला निम्मा मालक समजायचा तो आता वेळापत्रकावर आला. हे दोन्ही तुमच्या लिखाणात यायला हवं. एकच बाजू आली तर ती संस्थेची जाहिरात होईल नाहीतर युनियनचं पत्रक.

जमलं तर दोन ठिकाणं घ्या

माझ्या मते या विषयातला सगळ्यात शिकण्यासारखा अभ्यास स्टीफन बार्ली यांचा आहे, १९८६ साली छापून आलेला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधली दोन हॉस्पिटलं, दोघांनी साधारण एकाच सुमाराला सीटी स्कॅनर घेतला, मशीनपण एकाच मॉडेलचं. बार्ली त्या दोन्ही रेडिओलॉजी विभागांत महिनोन्‌महिने बसले, एकेक तपासणी होताना बघितली, कोण काय बोललं ते टिपलं. मशीन एकच असल्यामुळे जो काही फरक पडेल तो मशीनमुळे पडलाय असं म्हणायची सोयच उरली नव्हती.

आता तिथे काय झालं ते बघा. एक्सरेच्या काळात विभागाची उतरंड स्पष्ट होती, टेक्निशियनने फोटो काढायचा आणि तो वाचायचा रेडिओलॉजिस्टने, टेक्निशियनने त्यात काय दिसतंय यावर बोलायचं नाही. पहिल्या हॉस्पिटलमध्ये सीटीची जी टीम बसवली तिच्यात काही टेक्निशियन आधी दुसरीकडे सीटीवर काम केलेले होते आणि रेडिओलॉजिस्ट बरेचसे नवखे. मग काय व्हायला लागलं की डॉक्टरला कळत नसायचं, टेक्निशियनला कळत असायचं, पण टेक्निशियनने डॉक्टरला शिकवणं हे दोघांनाही अवघड. तेव्हा टेक्निशियन प्रश्नाच्या आडून सुचवायचे, इथे डाय (स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून देतात ते द्रव्य) द्यायचा का, असं विचारायचे, म्हणजे द्यायला पाहिजे हे सांगून व्हायचं आणि डॉक्टरचा मानपण राहायचा. कधी उलटं, डॉक्टरच विचारायचा की हे काय दिसतंय, आणि उत्तर देताना टेक्निशियन संकोचायचा. ही अवघडलेली परिस्थिती फार दिवस कोणालाच झेपत नाही. हळूहळू रेडिओलॉजिस्ट स्कॅनरच्या खोलीत यायचे कमी झाले, आपल्या केबिनमध्ये बसायला लागले, आणि रोजचे निर्णय टेक्निशियनच्या हातात गेले.

दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये सीटीचं काम जाणणारे तरुण रेडिओलॉजिस्ट होते आणि टेक्निशियन नवखे. तिथे संभाषण वेगळंच, हे कर, ते थांबव, असं नाही तसं, मधेच डॉक्टर स्वतः कंट्रोलवर बसायचा. टेक्निशियन विचारल्याशिवाय हात लावायला घाबरायचे, आणि हात लावत नाहीत म्हणून शिकत नाहीत, आणि शिकत नाहीत म्हणून डॉक्टरला परत सांगावं लागतं, असं ते चक्र. निर्णय बराच काळ डॉक्टरांकडेच राहिले.

मशीन तेच आणि दोन विभागांची घडी वेगळी बसली. आणि ती कशातून बसली, तर डाय द्यायचा का अशा दोन ओळींच्या बोलण्यातून, रोज, शेकडो वेळा. हे वाचल्यापासून मी प्रत्येकाला सांगते की एकाच संस्थेच्या दोन ब्रँच घ्या, एकाच तालुक्यातल्या दोन ग्रामपंचायती घ्या, एकाच सॉफ्टवेअरवर चालणारी दोन हॉस्पिटलं घ्या. एकच जागा मिळाली तर निदान एकाच जागेतल्या दोन शिफ्ट घ्या, पण तुलनेला काहीतरी ठेवाच.

दुसरं, होता होईल तो मशीन यायच्या आधी पोचा. बहुतेक जण सिस्टीम सुरू होऊन दोन वर्षं झाल्यावर जातात आणि लोकांना विचारतात की आधी कसं होतं. आधी कसं होतं हे लोक आत्ताच्या त्रासावरून किंवा आत्ताच्या सोयीवरून सांगतात, ते मुद्दाम खोटं बोलत नाहीत, आठवणच तशी चालते. उशीर झालाच असेल तर जुनी रजिस्टरं मागा, जुने आवक जावक बघा, कोणाच्या सह्या कुठल्या क्रमाने आहेत ते बघा. सह्यांचा क्रम म्हणजे त्या काळचा अधिकाराचा नकाशा असतो, मुलाखतीपेक्षा कितीतरी भरवशाचा.

बसायचं कुठे, लिहायचं काय

साहेबाच्या केबिनमध्ये बसू नका. चहा तिथे चांगला मिळतो पण काम तिथे होत नाही. जिथे स्क्रीन आणि माणूस दोन्ही दिसतील अशी जागा मागा आणि पहिले दोन तीन दिवस काही विचारू नका, फक्त बघा. तुम्ही आहात म्हणून लोक सुरुवातीला नियमाप्रमाणे काम करतात, मग गर्दी वाढली की तुम्हाला विसरतात, खरं काम तिथून पुढे दिसायला लागतं.

वहीत दोन रकाने करा. डावीकडे जे दिसलं आणि ऐकू आलं तेच, शक्यतो शब्दशः, उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते. "क्लार्क वैतागली" हे उजवीकडचं आहे. डावीकडे असं पाहिजे की तिने माऊस सोडला, शेजारच्याला म्हणाली बघ ना परत तेच येतंय, तो खुर्ची न हलवता म्हणाला एफ फाईव्ह मार आणि मागच्या तारखेने टाक. या एका वाक्यात कोण कोणाचा गुरू आहे, कुठली चोरवाट सगळ्यांना माहीत आहे आणि तारखेवर किती भरवसा ठेवायचा हे सगळं आलं. घरी गेल्यावर त्याच रात्री सविस्तर लिहा, दुसऱ्या दिवसावर टाकलंत की निम्मं जातं, उरलेलं गुळगुळीत होतं.

जेवणाच्या सुट्टीत उठून जाऊ नका. ज्युलियन ऑर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या मशीन दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसलं की कंपनीने दिलेल्या मॅन्युअलमध्ये जे नाही ते हे लोक एकत्र जेवताना, कॉफी पिताना एकमेकांना किस्से सांगून शिकतात, अमुक ठिकाणचं मशीन असं बंद पडलं होतं आणि शेवटी कारण भलतंच निघालं. कंपनीच्या हिशोबात तो वाया गेलेला वेळ, प्रत्यक्षात प्रशिक्षण तिथेच चालू होतं. आपल्याकडे एसटी डेपोत, महावितरणच्या सबस्टेशनला, कुठल्याही वर्कशॉपमध्ये हे दिसेल. नवी सिस्टीम आली की हमखास मोडते ती ही बसण्याची वेळ, कारण ती कोणाच्याच चार्टवर नसते.

हाताने आणि नाकाने होणाऱ्या कामाकडेपण लक्ष द्या. शोशाना झुबॉफ यांनी १९८० च्या दशकात कागदाच्या लगद्याच्या कारखान्यांमधलं संगणकीकरण बघितलं. जुने कामगार लगदा बोटांत चोळून, वास घेऊन सांगायचे कुठे आलंय ते, एकजण तर ड्रायरच्या रोलरजवळून जाताना अंगावरचे केस किती उभे राहतात त्यावरून कागदातला ओलावा ओळखायचा. मग त्यांना काचेच्या बंद कंट्रोल रूममध्ये आकड्यांसमोर बसवलं. त्यांची बेचैनी लक्षात घ्या, त्यांना येत नव्हतं असं नाही, येत होतं ते शरीरात होतं आणि आता मागितलं जात होतं ते स्क्रीनवर वाचायचं होतं. झुबॉफ यांचं पुढचं म्हणणं महत्त्वाचं आहे की तीच सिस्टीम कामगाराला संपूर्ण प्रक्रिया समजून घ्यायला वापरता येते किंवा त्याच्यावर नजर ठेवायला, आणि कुठलं निवडायचं हे मशीन ठरवत नाही, मॅनेजमेंट ठरवतं.

स्क्रीनच्या मागचा कागद शोधा

मला यात सगळ्यात जास्त रस आहे. कुठलंही पेपरलेस ऑफिस घ्या, ड्रॉवरमध्ये एक दोनशे पानी वही असतेच. तिच्यात पासवर्ड असतात, रोजचे आकडे असतात, सर्व्हर डाऊन असताना घेतलेली कामं असतात, उद्या टाकायच्या एंट्र्या असतात. शिवाय व्हॉट्सॲप ग्रुप असतो, बऱ्याचदा दोन, एक साहेबांसकट आणि एक साहेबांशिवाय. संस्था खरी कशावर चालते हे बघायचं तर ही वही आणि हे ग्रुप समजून घ्यायला लागतात. ही वही का लागते, एवढा एक प्रश्न धरून बसलात तरी चांगला प्रबंध होईल.

अंगणवाडीचं उदाहरण घ्या कारण ते आपल्या समोर घडलंय. सेविकेकडे पूर्वी अकरा रजिस्टरं असायची, मुलांची वजनं, लसीकरण, गरोदर बायांची नोंद, आहार वाटप. फोन आले, आधी एक ॲप आलं आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकर. त्याच वर्षी महाराष्ट्रात ठिकठिकाणी सेविकांनी सरकारने दिलेले फोन प्रकल्प कार्यालयात नेऊन परत केले. वरवर बघणारा म्हणेल की बायकांना टेक्नॉलॉजी नको आहे. त्यांच्या तक्रारी काय होत्या ते बघा, फोनची मेमरी कमी, ॲप टाकलं की फोन अडकतो, बिघडला तर दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी, आणि ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरायची. यातली एकही तक्रार टेक्नॉलॉजी नको अशी नाही. प्रश्न हा होता की हे ठरवताना वजनकाट्यापाशी उभी असणाऱ्या बाईला कोणी विचारलं होतं का, आणि मानधनावर काम करणाऱ्या माणसाने नेटपॅक आणि दुरुस्ती कशातून करायची. जिला कागदोपत्री कर्मचारीसुद्धा धरत नाहीत तिच्याकडून आकडा मात्र रोज पाहिजे, हा जो संस्थेचा जुना गुंता आहे तो फोनने तयार केला नाही, पण फोनमुळे तो रस्त्यावर आला.

अशा ठिकाणी अभ्यासाला गेलात तर ॲपची एकेक स्क्रीन बघा. कुठली माहिती भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही? कुठल्या गोष्टीला रकानाच नाही? मूल आजोळी गेलंय याला रकाना आहे का, का ते गैरहजरच दिसणार? जे रकान्यात बसत नाही ते पर्यवेक्षिकेला फोनवर सांगावं लागतं, म्हणजे पुन्हा माणसाच्या ओळखीवर आलं.

सातबाऱ्याचंपण असंच तपासून बघा. कायदा फार बदललेला नाही, फेरफार गाव नमुना सहामध्ये धरायचा, नोटीस काढायची, पंधरा दिवस हरकतीची वाट बघायची, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायचा. बदललं ते हे की खरेदीखत नोंदलं की त्याची माहिती दुय्यम निबंधकाच्या ऑफिसातून ऑनलाईन तलाठ्याकडे जाते, आणि २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या काढता येतो. म्हणजे उताऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरायचं संपलं, ही मोठी गोष्ट आहे, ज्यांनी ते हेलपाटे घातलेत त्यांना विचारा. पण चूक दुरुस्तीसाठी, वारसाच्या वादासाठी माणूस अजून कुठे जातो? कोणाच्या दारात जास्त गर्दी झाली, सेतूवाल्याच्या, सायबर कॅफेवाल्याच्या, का तहसीलच्या? हेलपाटे एका दारातून उठून दुसऱ्या दारात गेले असतील तर ते दार शोधणं हे तुमचं काम.

घड्याळ आणि बढती

वांडा ऑर्लिकोव्स्की यांचा १९९२ चा अभ्यास मी मॅनेजमेंटच्या प्रत्येक माणसाला वाचायला लावेन. एका मोठ्या कन्सल्टिंग कंपनीने लोटस नोट्स नावाचं सॉफ्टवेअर हजारो लोकांच्या कॉम्प्युटरवर टाकलं, हेतू चांगला की सगळ्यांनी आपलं ज्ञान एकमेकांना द्यावं. पण त्या कंपनीत प्रत्येक तास कुठल्यातरी क्लायंटच्या बिलात दाखवावा लागायचा, आणि नोट्स शिकायचा तास कोणाच्या बिलात टाकणार? शिवाय बढती अशी की वर चढा नाहीतर बाहेर पडा, शेजारचा माणूस तुमचा स्पर्धक, त्याला आपलं ज्ञान फुकट कोण देईल? म्हणून बऱ्याच जणांनी ते ईमेलसारखं वापरलं, काहींनी उघडलंच नाही. त्याच कंपनीच्या टेक्नॉलॉजी विभागात मात्र लोक भरभरून वापरत होते, कारण तिथे ती स्पर्धा नव्हती आणि तासांचं बिलपण नव्हतं.

तेव्हा मुलाखतीत दोन गोष्टी विचाराच. हे शिकायला लागलेला वेळ तुमच्या कुठल्या खात्यात धरला? आणि हे नीट वापरल्याने तुमच्या सीआरमध्ये म्हणजे गोपनीय अहवालात, इन्क्रिमेंटमध्ये काय फरक पडतो? दोन्हीचं उत्तर काही नाही असं आलं तर सॉफ्टवेअर का चालत नाही याचं निम्मं उत्तर मिळालं असं समजा.

थिअरी किती आणि कोणती

गाईड विचारतात तुझी सैद्धांतिक चौकट कोणती, आणि मुलं घाबरून पहिल्या प्रकरणात सगळ्यांची नावं ओततात. एक घ्या, दोन फार तर.

काम तुकड्यांत तोडलं गेलंय असं दिसत असेल तर टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट या लंडनच्या संशोधन संस्थेची मंडळी घ्या. एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ, त्यातला बॅमफर्थ स्वतः खाणकामगार होता, यांनी १९५१ मध्ये ब्रिटनच्या कोळसा खाणींबद्दल लिहिलं. पूर्वी दोन चार जणांची टोळी कोळसा फोडण्यापासून भरण्यापर्यंत सगळं आपसांत करायची, टोळी आपणच निवडायची, एकमेकांच्या जिवाची जबाबदारी आपणच घ्यायची. यंत्रं आली, कोळशाची लांबच्या लांब भिंत, तीन शिफ्ट, एका शिफ्टने फक्त कापायचं, दुसरीने फक्त कोळसा वाहणारा पट्टा पुढे हलवायचा, तिसरीने फक्त भरायचं. मधल्याने घोळ घातला की पुढची शिफ्ट अडकणार आणि दोघं एकमेकांना शेवटपर्यंत भेटणारच नाहीत. दांड्या वाढल्या, दोष ढकलणं वाढलं. पण साउथ यॉर्कशायरच्या एका खाणीत कामगारांनी नव्या यंत्रावरसुद्धा पुन्हा गटाने काम वाटून घेतलं होतं आणि ते चांगलं चाललं होतं, म्हणजे यंत्राला तुकडेच लागतात असं काही नाही.

याच टॅव्हिस्टॉकचे ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादला कॅलिको मिलमध्ये आले. तिथे ऑटोमॅटिक लूम बसवले होते, एकाकडे फक्त धागा जोडणं, दुसऱ्याकडे फक्त बॉबिन, आणि उत्पादन अपेक्षेएवढं येत नव्हतं. राइस यांनी ठरावीक मागांचा एक गट आणि त्याची छोटी टोळी अशी रचना सुचवली, कामगारांनी ती स्वतःच पटकन उचलली आणि आपापल्या टोळ्या ठरवल्या. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. १९७० मध्ये एरिक मिलर पुन्हा जाऊन आले तेव्हा काही ठिकाणी गट टिकून होते आणि काही ठिकाणी पुन्हा जुनी पद्धत आली होती, आणि हा दुसरा भाग लोक सांगायचा विसरतात. एकदा चांगली घडी बसवली की ती आपोआप टिकते असं नाही.

कामगारावरचा ताबा हा विषय असेल तर हॅरी ब्रेव्हरमन, जे स्वतः तांबट कारागिरीचं काम केलेले होते आणि १९७४ मध्ये त्यांनी मांडलं की भांडवलशाहीत यंत्राआडून कौशल्य कामगाराच्या हातातून काढून मॅनेजमेंटकडे जातं. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास यात घट्ट बसतो. १९२८ चा सहा महिने चाललेला संप आठवा, विणकराने दोनऐवजी तीन साचे म्हणजे माग सांभाळायचे ही मालकांची योजना त्याच्या मुळाशी होती, आणि गिरणी कामगार युनियन त्यातूनच उभी राहिली. साचे तेच होते, माणूस आणि साचा यांचं गणित बदललं होतं. फक्त ब्रेव्हरमन घेतलात की कामगार नुसता सोसतोय असं चित्र येण्याचा धोका असतो, आणि गिरणगावात तर लोक सोसून गप्प बसले नाहीत.

रोजच्या वापरातून नियम कसे बनतात हे दाखवायचं असेल तर समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्स आणि त्यांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या ऑर्लिकोव्स्की, बार्ली. गिडन्स यांचं सार एवढंच धरा की रचना माणसाला बांधते आणि माणूस रोज वागून तीच रचना पुन्हा बांधत असतो, कधीकधी जराशी वेगळी. हे एक वाक्य तुमच्या वहीतल्या प्रसंगाला लावून बघा. लागत असेल तर ठेवा, ओढूनताणून लावावं लागत असेल तर तो सिद्धांत तुमच्या कामाचा नाही, कितीही मोठ्या माणसाचा असला तरी.

लिहिताना माणसाला अडचणीत आणू नका

तुम्हाला जे काही चांगलं सापडतं ते बरंचसं नियमाबाहेरचं असतं. शेअर केलेला पासवर्ड, मागच्या तारखेची एंट्री, एजंटने खिशातून भरलेले पैसे. हे करणाऱ्याने तुमच्यावर विश्वास टाकून दाखवलेलं असतं आणि तुमचा रिपोर्ट पहिल्यांदा वाचणार त्याचा साहेब. नाव बदललंत म्हणजे झालं असं नाही, त्या ब्रँचमध्ये दोनच क्लार्क असतील तर नाव काहीही ठेवा, ओळखू येतेच. पद बदला, दोन प्रसंग एकत्र करा, ब्रँचचं गाव गाळा, आणि तरी भीती वाटत असेल तर तो प्रसंग सोडून द्या, कितीही चांगला असला तरी. परवानगी घेताना साहेबाला आधीच स्पष्ट सांगा की कोण काय म्हणालं ते मी सांगणार नाही, आणि हे स्टाफच्या समोर सांगा म्हणजे त्यांनापण ऐकू जाईल.

आणि मसुदा झाला की कॉलेजला द्यायच्या आधी तो ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचून दाखवा, मराठीत, त्यांच्या वेळेला, शिफ्ट संपल्यावर. काही म्हणतील हे असं नाही, आम्ही हे वेगळ्या कारणासाठी करतो, आणि ते कारण तुमच्या एकाही रकान्यात आलेलं नसेल. तेव्हा लगेच स्वतःची बाजू मांडत बसू नका, वही उघडा आणि डावीकडच्या रकान्यात लिहून घ्या.